पाणी कोणाचे?

वैशाख सरत आलेला असतो. शिरूर अनंतपाळच्या शिवारातील काळी जमीन उन्हाने उलून जाते. भेगा इतक्या रुंद पडतात, की बैलाचा खूर सहज आत जावा. घरणीच्या पात्रात पाण्याऐवजी उघडे पडलेले गोटे दिसतात आणि गुरे त्या गोट्यांतून वाट काढीत एखाद्या डबक्यापाशी जाऊन उभी राहतात. दिवस मावळला, वारा थोडा निवला, म्हणजे माणसे ओट्यावर येऊन बसतात. इतक्यात दूर कोठल्यातरी रानातून घरघर ऐकू येऊ लागते. ओट्यावरची माणसे बोलायची थांबतात. कोणीतरी हळूच म्हणते, "बोअरची गाडी आली वाटतं."

ती घरघर रात्रभर चालते. शेताचा धनी बांधावर बसून असतो. त्याच्या मुलाला झोप आवरत नाही, तरी तो घरी जात नाही. दोनशे फूट, तीनशे फूट, पाचशे फूट! छिद्रातून खडकाची भुकटी उडत राहते आणि प्रत्येक फुटाबरोबर धन्याच्या मनात कर्जाचा आकडा वाढत जातो. पहाटे त्या भुकटीचा चिखल झाला, तर घरात गूळ वाटला जातो; कोरडी भुकटीच उडत राहिली, तर कोणी कोणाशी बोलत नाही.

परंतु गूळ वाटला गेला, तरी गोष्ट तेथे संपत नाही. महिन्या-दोन महिन्यांत शेजारच्या रानातील विहीर तळाला जाते. मग शेजारीही कर्ज काढतो, आणि आणखी शंभर फूट खोल जाणारी गाडी त्याच्या बांधावर येऊन उभी राहते. या दोघांत वैर नसते. सणावाराला एकमेकांच्या घरी जेवणारी ही माणसे. तरी त्यांच्या पायांखाली, काळ्या खडकात, एक मूक ओढाताण चालू असते. आणि तिच्यात शेवटी कोणीच जिंकत नाही.

शिरूर अनंतपाळ हा लातूर जिल्ह्यातील लहानसा तालुका. तो १९९९ साली झाला. मांजरा आणि तिला मिळणारी घरणी या त्याच्या नद्या. घरणीवर धरण आहे, साकोळला तलाव आहे, मांजरेवर डोंगरगावचा बंधारा आहे. सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी ही येथील पिके. आणि जेथे पाणी हाताशी असेल, तेथे ऊस. या भागात वर्षाला सरासरी सातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. हा काही वाळवंटातला पाऊस नव्हे. तो कधी रुसतो, तर कधी एकाच आठवड्यात धो धो कोसळतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातील नद्यांनी काठ ओलांडून उभी पिके आणि शेतांतील मातीही वाहून नेली. पण २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे तो रुसला होता, आणि त्या दोन वर्षांनी सर्वांचा हिशेब उघडा पाडला.

२०१६ चा उन्हाळा लातूर जिल्हा विसरणार नाही. लातूर शहराला पाणी देणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत, म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. अखेर सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरील मिरजेहून आगगाडीने पाणी आणण्याचे ठरले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे दहा टाक्यांची पहिली गाडी लातूरला पोहोचली. तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. पुढे अधिक टाक्यांच्या गाड्याही आल्या. कृष्णाकाठच्या लोकांनी दिलेले ते पाणी लातूरकरांनी कृतज्ञतेने घेतले.

त्या पहिल्या गाडीतील पाण्याचे एक साधे गणित करून पाहण्यासारखे आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी पडते. एक हेक्टर, म्हणजे सुमारे अडीच एकर रान, हे दहा हजार चौरस मीटरांचे असते. त्यावर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला, तर किती पाणी झाले? पाच लाख लिटर! जे पाणी आणायला रुळांवरून साडेतीनशे किलोमीटर गाडी धावली, तेवढे पाणी एका लहान शेतकऱ्याच्या अडीच एकर रानावर मृगाच्या एका दमदार पावसात पडते. सातशे मिलिमीटरच्या वर्षात तर त्या एवढ्याशा रानावर अशा चौदा गाड्या रित्या होतात. त्यांतील काही पाणी पीक पिते, काही उन्हाने उडून जाते, हे खरे. परंतु पुष्कळसे पाणी कोणाच्याही हाती न लागता ओढ्याने वाहून जाते, आणि जाताना रानातील सुपीक मातीही घेऊन जाते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, बांध घालून पावसाचे पाणी शेतांत मुरवावे, असे सुचवले होते. इतके जुने हे शहाणपण आहे.

तेव्हा पाणी अडवावे, हे उघडच आहे. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात ओढे खोल केले गेले, बंधारे बांधले गेले, गावोगाव लोकांनी श्रमदान केले. पण पाणी अडवले, की सारे झाले असे नाही. एका घागरीला दहा जणांनी दहा नळ्या लावल्या, तर घागर कितीही मोठी केली, तरी ती रितीच होणार. ज्याची नळी लांब, त्याला पाणी अधिक. ज्याची आखूड, त्याला मुळीच नाही. आणि लांब नळी कोणाची? ज्याच्याजवळ पैसा आहे त्याची. म्हणून पाणी अडवण्याच्या प्रश्नामागोमाग दुसरा, अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. हे पाणी कोणाचे?

फार दिवसांपासून अशी समजूत रूढ आहे, की ज्याची जमीन, त्याचेच तिच्याखालचे पाणी. वरवर पाहता हे न्यायाचे वाटते. परंतु पाणी काही धोंड्यासारखे एका जागी बसत नाही. मराठवाड्यातील काळ्या मातीखाली मुरूम आहे आणि मुरुमाखाली काळा कठीण खडक. पावसाचे पाणी मुरुमात आणि खडकाच्या फटींत उतरते व उताराच्या दिशेने हळूहळू सरकत राहते. वरच्या रानात पडलेला पाऊस खालच्या रानातील विहिरीत येतो. एकाने उपसा केला, की दुसऱ्याची पातळी उतरते. बांध जमिनीच्या पाठीवर असतो. तिच्या पोटात नसतो. खोल खडकातील पाणी तर थोडे, आणि ते साठायला फार काळ लागतो. ते उपसून संपवणे म्हणजे पुढच्या पिढीच्या रांजणात हात घालण्यासारखे आहे.

या अवघड प्रश्नाला महाराष्ट्रातीलच शेतकऱ्यांनी निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. त्यांतील सर्वांत जुने उत्तर खानदेशात सापडते.

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पांझरा, मोसम, आरम अशा नद्यांवर शेकडो वर्षांपासून दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो. पाटाखालच्या जमिनीचे साधारणपणे चार मोठे भाग करतात. त्या प्रत्येक भागाला ‘फड’ म्हणतात. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, आणि कोणत्या फडात कोणते पीक, हे गावाने आधी ठरवायचे. पाट उघडायला आणि झाकायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. यांना मेहनताना मिळे तो शेतकऱ्यांच्या धान्यातून. पाण्याच्या हंगामापूर्वी सर्वांनी मिळून पाट साफ करायचा. धनिक असो वा गरीब, पाटात कुदळ घेऊन उतरावेच लागे.

या व्यवस्थेतील खरे शहाणपण निराळेच आहे. शेतकऱ्यांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत वाटलेल्या असत. नदीला पाणी कमी आले, तर पंच मंडळी एखादा फड त्या वर्षापुरता कोरडा ठेवीत. मग त्या फडातील तुकडा सर्वांचाच पडीक राही आणि दुसऱ्या फडातील तुकडा सर्वांचाच पिके. दुष्काळ येई, पण तो एकाच्या दारात येऊन बसत नसे. त्याचे ओझे सर्वांच्या खांद्यांवर वाटले जाई. म्हणून ती माणसे दुष्काळात एकमेकांची वैरी झाली नाहीत.

तरीही फडाच्या व्यवस्थेत एक उणीव होती. ज्याला जमीन नाही, त्याला तेथे पाणीही नव्हते. ही उणीव ज्या माणसाच्या मनाला लागली, तो मूळचा शेतकरी नव्हता. तो कारखानदार आणि अभियंता होता. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे यांनी पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याचे हाल पाहिले. हजारो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. ही खडी फोडून पुढच्या वर्षीचा दुष्काळ हटणार आहे काय, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. नायगाव येथे देवस्थानची चाळीस एकर माळजमीन त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली. तेथे उतारावर बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, विहीर खोदली. ज्या माळावर कुसळे उगवत, तेथे धान्य पिकू लागले. १९७४ साली त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था काढली आणि त्यातून ‘पाणी पंचायत’ आकाराला आली.

पाणी पंचायतीचे नियम थोडे, पण त्या काळात सर्वांना चमकवणारे होते. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचे नाही, घरातील माणसांच्या संख्येने द्यायचे. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढे पाणी. एका कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. ज्याच्यापाशी पन्नास एकर जमीन आहे, त्यालाही अडीच एकरांचेच. ज्याला जमीन नाही, अशा मजुराचाही पाण्यात वाटा. जमीन विकली, तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः भरायचा, म्हणजे योजना आपली वाटेल. आणि उसासारखे फार पाणी पिणारे पीक कोणी घ्यायचे नाही. साळुंखे २००२ साली निवर्तले. पण पाणी हे जमिनीचे नसून माणसांचे आहे, हे त्यांनी नुसते सांगितले नाही, करून दाखवले.

धरणाच्या कालव्याची गोष्ट आणखी वेगळी. कालव्याच्या तोंडाशी ज्याचे शेत, त्याचे पाट तुडुंब वाहतात; आणि शेपटाशी ज्याचे शेत, तो दर पाळीला कोरड्या चारीकडे पाहत बसतो. नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरणाच्या शेपटाशी असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांची हीच स्थिती होती. १९९१ च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे या कार्यकर्त्यांच्या मार्गदर्शनाने तेथे पाणीवापर संस्था स्थापन झाल्या. त्यांनी पाटबंधारे खात्याकडून पाणी मोजून घेतले आणि आपसांत मोजून वाटले. ओढ्यांवर बंधारे घालून विहिरींचे पाणी वाढवले, आणि तेही हिशेबात धरले. पुढे वाघाडच्या साऱ्या लाभक्षेत्रावर अशा चोवीस संस्था झाल्या व धरणाच्या पाण्याचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती आला. २००५ साली महाराष्ट्राने सिंचन पद्धतीचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला. संस्थेच्या संचालकांत कालव्याच्या तोंडाचे, मधले आणि शेपटाचे, असे तिन्ही भागांतील शेतकरी असावेत, अशी त्यात तजवीज आहे. शेपटाशी असलेल्या माणसाचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, हे कायद्यालाही पटले.

राहिला प्रश्न जमिनीखालच्या पाण्याचा. त्याचे उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने दिले. तेथे शिरूरच्या जवळजवळ निम्माच पाऊस पडतो. पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून, म्हणजे १९९० च्या आसपासपासून, गावाने डोंगरावर चर खणले, झाडे लावली, पाणी मुरवले. परंतु एवढ्यावर गाव थांबले नाही. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही आणि ऊस लावायचा नाही, असे ग्रामसभेने ठरवले. पावसाळा संपला, की गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला, विहिरींत किती पाणी आहे, माणसांना व गुरांना किती लागेल. ते बाजूला काढून उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतील, याचा विचार होतो. पाऊस कमी, तर पिके कमी पाण्याची. घरातील बाई जशी महिन्याचे धान्य पाहून रोजचे पीठ दळते, तसाच हा हिशेब आहे.

आता शिरूर अनंतपाळच्या शिवारात परत यावे. येथे धरण आहे, तलाव आहे, बंधारा आहे, पाऊसही आहे. मग अडते कोठे? यावर ‘ऊस लावू नका’ असे म्हणणे सोपे आहे. एक एकर उसाला वर्षभर लागणाऱ्या पाण्यात चार-पाच एकर हरभरा सहज निघेल, हे शेतकऱ्यालाही ठाऊक असते. परंतु तो हौस म्हणून ऊस लावीत नाही. उसाला कारखान्याचे गिऱ्हाईक ठरलेले असते आणि त्याचा किमान दर सरकारने बांधून दिलेला असतो. तूर बाजारात नेली, तर भाव पडेल की चढेल, याचा नेम नसतो. म्हणून डाळींना आणि तेलबियांना खात्रीचा भाव मिळणे, हीसुद्धा पाण्याच्या सुधारणेचीच एक बाजू आहे. कमी पाण्याचे पीक घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर त्याला शहाणपण सांगण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

ठिबक सिंचनाचेही तसेच. थेंबाथेंबाने पाणी दिले, म्हणजे पाणी वाचते, यात शंका नाही. परंतु वाचलेले पाणी लगेच आणखी दोन एकर उसाला दिले, तर विहीर होती तेथेच राहते. २००९ च्या भूजल कायद्याने फार खोल विहिरींना आवर घालण्याची तरतूद केली आहे. पण रात्रीच्या अंधारात घरघरणारी गाडी थांबवायला प्रत्येक बांधावर शिपाई उभा करता येत नाही. जो नियम गावाने मिळून केला, तोच बांधाबांधावर पाळला जातो. कारण तेथे राखणीला शेजाऱ्याचे डोळे असतात, आणि स्वतःचे मनही.

असा नियम करण्यासाठी आधी मोजावे लागते. न मोजलेले पाणी प्रत्येकाला आपले वाटते. मोजलेले पाणी सर्वांचे होते. मोजण्याचे हे काम कठीण नाही. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवला, तर सहावी-सातवीतील मुले रोज सकाळी पाऊस मोजू शकतात. दोरीला दगड बांधून विहिरीच्या पाण्याची पातळी मोठ्यांच्या सोबतीने दर महिन्याला पाहता येते. ते आकडे शाळेच्या भिंतीवर खडूने लिहिले, तर जाणारायेणारा थांबून वाचील. गावाच्या चुकीचा किंवा शहाणपणाचा तो आरसाच होईल.

आणि मग कधीतरी अशी एक ग्रामसभा भरेल. दसरा झालेला असेल. शाळेतील एक मुलगी वही उघडून उभी राहील आणि वाचील, की या वर्षी पाऊस इतका पडला, गेल्या वर्षीपेक्षा इतका उणा. विहिरींची पातळी इतके हात खाली. पारावर क्षणभर शांतता पसरेल. मग कोणी म्हातारा शेतकरी शेजाऱ्याकडे वळून म्हणेल, "बापू, औंदा तू बी हरभराच घे, अन् मी बी हरभराच घेतो. बोअरचं नंतर बघू." शेजारी मान हलवील.

एवढ्याने दुष्काळ हटणार नाही. पाऊस पडायचा तेव्हाच पडेल आणि रुसायचा तेव्हा रुसेल. पण त्या वर्षीच्या वैशाखात, दिवस मावळल्यावर ओट्यावर बसलेल्या माणसांना दूरच्या रानातून घरघर ऐकू येणार नाही. बांधावर कोणाचा मुलगा झोप आवरीत बसलेला नसेल. आणि विहिरीच्या तळाशी उरलेले हातभर पाणी, ते कोणा एकाचे नसल्यामुळेच, उद्या सकाळी सर्वांच्या घागरींत पडेल.